समुद्रानं परत केलेल्या चपला आणि त्यांचं गलबत

केनियाच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, सोमालियाच्या सीमेपासून फार लांब नाही अशा जागी, लामू नावाचं बेट आहे. प्रवाळी दगडांची घरं, गल्ल्यांतून ओझी वाहणारी गाढवं आणि कित्येक पिढ्यांची जहाजबांधणी ही त्याची ओळख. लामूच्या जुन्या शहराला युनेस्कोनं २००१ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. या बेटावरून जानेवारी २०१९ मध्ये नऊ मीटर लांबीचं एक शिडाचं गलबत निघालं आणि वाटेतल्या गावांमध्ये थांबत, सुमारे ५०० किलोमीटर अंतर कापून टांझानियातल्या झांझिबारला पोचलं. अशी गलबतं या किनाऱ्यावर रोज ये-जा करतात. पण या गलबताचा तळाचा कणा, फासळ्या आणि फळ्या लाकडाच्या नव्हत्या. त्या जवळपास दहा टन टाकाऊ प्लास्टिक वितळवून बनवल्या होत्या, आणि बाहेरून संपूर्ण अंगभर सुमारे ३०,००० फाटक्या स्लीपरांचे लाल, निळे, पिवळे, हिरवे तुकडे बसवले होते. गलबताचं नाव 'फ्लिपफ्लॉपी'.

त्याचे फोटो जगभर फिरले. फोटोत रंग दिसतात, शीड दिसतं. पण त्यामागचं रसायनशास्त्र, वाऱ्या-प्रवाहांचं गणित आणि शेकडो माणसांचं काम दिसत नाही. ते इथे उलगडून सांगायचं आहे. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: ज्या कचऱ्याला भंगारात काडीचा भाव नाही, त्याला या लोकांनी भाव मिळवून दिला. आणि तो मिळवायला एक कलाकार पुरला नाही, गाव लागलं.

चप्पल एवढ्या लांब जाते कशी

ओढ्याला पूर आला की काठावर काढून ठेवलेली चप्पल वाहून जाते. गटारात फेकलेली पहिल्या मोठ्या पावसात नदीला लागते. चौपाटीवर राहिलेली भरतीबरोबर आत जाते. एकदा समुद्रात गेली की ती बुडत नाही, कारण आजच्या बहुतेक स्वस्त स्लीपरचा तळवा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. या फोममध्ये असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती बंद भिंत असते. स्पंजाचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून स्पंज पाणी पितो. ईव्हीएच्या बुडबुड्यांत पाणी शिरूच शकत नाही, म्हणून चप्पल महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तरंगत राहते.

तरंगताना तिचा काही भाग पाण्याच्या वर असतो आणि त्यावर वारा काम करतो. इथे एक गमतीची गोष्ट आहे. डावा आणि उजवा पाय एकमेकांच्या उलट वळणाचे असल्यामुळे वारा दोन्ही जोडे वेगवेगळ्या दिशेला लोटतो. १९९० साली पॅसिफिक महासागरात एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पडून हजारो बूट पाण्यात गेले होते. त्यांचा माग काढणारे अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एब्समायर यांनी ही गोष्ट लोकांसमोर आणली. म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या चपलेची जोडी सापडण्याची आशाच नसते. घालण्यासाठी तिचा उपयोग संपलेला असतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या दक्षिणेला एक मोठा प्रवाह इंडोनेशियाच्या बाजूनं पश्चिमेकडे, मादागास्कर आणि आफ्रिकेकडे वाहतो. आफ्रिकेला भिडला की त्याची एक शाखा टांझानिया-केनियाच्या किनाऱ्यानं उत्तरेला वळते. त्यातच वर्षातून दोनदा वारे दिशा बदलतात. डिसेंबर ते मार्च ईशान्येचे वारे असतात, त्यांना तिथे 'कास्काझी' म्हणतात. एप्रिलनंतर दक्षिणेकडचे वारे सुरू होतात, ते 'कुसी'. कास्काझीच्या दिवसांत सोमालियाकडून खाली येणारा प्रवाह आणि दक्षिणेकडून वर येणारा प्रवाह उत्तर केनियासमोरच एकमेकांना भेटतात. लामू आणि त्याच्या उत्तरेचं किउंगा अशा ठिकाणी आहेत. केनियाच्या किनाऱ्यांवर सापडलेल्या बाटल्यांवरची अक्षरं तपासली गेली, तेव्हा कित्येक बाटल्या इंडोनेशियातून आलेल्या निघाल्या.

याच वाऱ्यांवर आपलीही माणसं त्या किनाऱ्याला जात होती. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की पश्चिम भारतातल्या बंदरांतून गलबतं आफ्रिकेकडे निघायची आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नैर्ऋत्येचा वारा धरून परत यायची. लामू, मोंबासा, झांझिबार ही नावं आपल्या दर्यावर्दींना परकी नव्हती. अरबी समुद्रात आज पडणारं प्लास्टिक मात्र बरंचसं इथेच, आपल्या किनाऱ्यांना परत लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या भरतीनंतर दादर किंवा जुहूच्या किनाऱ्यावर चालून आलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

प्रमाण किती आहे याचा अंदाज दोन दूरच्या बेटांवरून येतो. हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर अवघे काही शे लोक राहतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या किनाऱ्यांवर ४१ कोटींहून अधिक प्लास्टिकच्या तुकड्यांचा अंदाज मांडला गेला, आणि त्यात सुमारे ९,७७,००० पादत्राणं होती. सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावर तर वस्ती जवळपास नाहीच. तिथे साचलेला प्लास्टिक कचरा ५०० टनांच्या वर असल्याचा अंदाज आहे. त्यात मासेमारीच्या जाळ्या-दोरांच्या खालोखाल ठळकपणे दिसतात त्या चपलाच.

चप्पल पुन्हा वितळत का नाही

'प्लास्टिक रिसायकल होतं' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की प्लास्टिक ही एकच वस्तू आहे असं वाटू लागतं. ती शेकडो वस्तूंची जात आहे. पाण्याची बाटली 'पेट' (पीईटी) नावाच्या प्लास्टिकची, तिचं झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचं, दुधाची पिशवी पातळ पॉलिथिलीनची, पाण्याचा पाइप पीव्हीसीचा. प्रत्येकाचं वितळण्याचं तापमान वेगळं. एकत्र वितळवले तर ते एकजीव होत नाहीत. कडक, ठिसूळ, कुठेही तुटणारा गोळा मिळतो.

भंगाराचा धंदा करणाऱ्यांना हे पाठ असतं. मुंबई-पुण्याच्या गोदामांत माल 'फुगा', 'कडक', 'दूधपिशवी' अशा नावांनी वेगळा केला जातो. हातानं वाकवून, मोडून, आवाज ऐकून, कधी टोक जाळून वास घेऊन तो कुठल्या जातीचा हे ठरवतात. हे ज्ञान कुठल्याही पदवीत मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय रिसायकलिंगचा एकही कारखाना चालणार नाही.

ईव्हीएची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. साधं प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, एकमेकींशेजारी पडलेल्या. उष्णता दिली की त्या सरकतात आणि प्लास्टिक वितळतं. थंड झालं की पुन्हा घट्ट. चपलेचा फोम बनवताना मात्र साच्यात रसायन घालून या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडून टाकतात, म्हणून तळवा लवचीक होतो आणि पायाखाली चपटा होत नाही. पण एकदा जोडलेल्या साखळ्या पुन्हा सुट्या होत नाहीत. उकडलेलं अंडं कितीही तापवलं तरी पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. वर आणखी अडचणी आहेत. तळव्याला दोन-तीन रंगांचे थर चिकटवलेले असतात, आणि पट्टा पुष्कळदा पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी तापवलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती फुफ्फुसांना जाळते आणि यंत्रांनाही खाते.

समुद्रातून आलेल्या चपलेवर याशिवाय मीठ, वाळू, शेवाळ असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या साखळ्या तुटलेल्या असतात, म्हणून ती खडूसारखी भुरभुरते. असा माल कारखान्याला नको असतो. कारखान्याला हवा एकाच जातीचा, स्वच्छ, टनावारी माल, तोही रोज. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या हिशेबानुसार, २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं होतं, आणि त्यातल्या कचरा झालेल्या प्लास्टिकपैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं. बाकीचं का झालं नाही याची बरीचशी कारणं एका स्लीपरमध्ये पाहायला मिळतात.

हाताचं तसं नाही. हाताला एकसारखा माल लागत नाही. झिजलेला वरचा थर तो तासून काढतो, आतला चांगला भाग ठेवतो, निळ्याशेजारी पिवळा बसवतो. यंत्राला ज्या विविधतेचा त्रास होतो, तीच कारागिराच्या कामी येते. टाकाऊ प्लास्टिकपासून कला करण्याच्या या सगळ्या चळवळीचं मूळ मला इथे दिसतं.

किउंगाच्या मुलांची खेळणी

चपलांची ही गोष्ट लामूच्या गलबताआधी वीसेक वर्षं सुरू झाली होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ज्युली चर्च ही सागरी जीवशास्त्रज्ञ किउंगाच्या संरक्षित सागरी क्षेत्रात कासवांच्या संवर्धनाचं काम करत होती. मादी कासवं अंडी घालायला वाळूवर येतात आणि पिल्लं वाळूवरून समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर चपलांचे आणि प्लास्टिकचे ढीग असले की दोघांचीही वाट अडते. त्याच किनाऱ्यावर गावातली मुलं चपला कापून त्यांच्या होड्या, गाड्या, खेळणी बनवत होती. तिनं ते पाहिलं आणि मुलांच्या आयांना चपला गोळा करून, धुऊन, कापून विकण्याजोग्या वस्तू बनवायला प्रोत्साहन दिलं. सुरुवातीला कासवाच्या आकाराच्या की-चेनसारख्या लहान वस्तू होत्या. पुढे यातूनच नैरोबीतली 'ओशन सोल' ही संस्था उभी राहिली.

ओशन सोलचं काम पाहिलं की सामूहिक कला म्हणजे काय ते नीट कळतं. किनाऱ्यावरची माणसं चपला वेचतात आणि वजनावर त्याचे पैसे घेतात. गोण्या नैरोबीला येतात. तिथे चपला धुतात, निर्जंतुक करतात, वाळवतात. मग तळव्यांवर तळवे चिकटवून ठोकळे बनवतात. या ठोकळ्यातून कारागीर सुरीनं आकार काढतो: जिराफ, गेंडा, सिंह, कासव. मग घासकाम, पुन्हा धुणं. ठोकळ्यातल्या थरांचे रंग कापल्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात, म्हणून या प्राण्यांच्या अंगावर रंगांच्या रेषा दिसतात. कुणी त्यावर रंग मारलेला नसतो. मोठा, माणसाच्या उंचीचा प्राणी करायचा असेल तर आतला गाभा टाकाऊ थर्माकोलसारख्या हलक्या पदार्थाचा करतात आणि वरून चपलांचं कातडं चढवतात.

इथले कितीतरी कारागीर मुळात लाकडावर कोरीवकाम करणारे आहेत. केनियात कांबा समाजाची लाकडी कोरीवकामाची मोठी परंपरा आहे, आणि पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या प्राण्यांपायी झाडंही पुष्कळ तोडली गेली. त्याच हातांना, त्याच सुरीला इथे नवा माल मिळाला. कौशल्य जुनं, माल नवा, ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. बाहेरून येऊन 'आम्ही तुम्हाला कला शिकवतो' म्हणणारे प्रकल्प अनुदान संपलं की बंद पडतात. ज्या गावात हात आधीच तयार आहेत तिथे काम रुजतं.

प्लास्टिकची फळी आणि लामूचा सुतार

फ्लिपफ्लॉपीची कल्पना बेन मॉरिसन या पर्यटन व्यवसायातल्या माणसाची. किनाऱ्यावरचं प्लास्टिक पाहून अस्वस्थ झालेल्या मॉरिसनला लोकांना थांबून बघावंसं वाटेल असं काहीतरी करायचं होतं. दीपेश पाबारी हे या कामाचे दुसरे आधारस्तंभ. पण गलबत बांधलं ते लामूच्या अली स्कांडा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. स्कांडांच्या घराण्यात होडीबांधणी चालत आलेली. या परंपरेत कागदावर नकाशा काढत नाहीत. प्रमाणं डोळ्यात आणि हातात असतात.

आता त्यांच्यापुढची अडचण समजून घेऊ. शिडाच्या गलबतात तळाशी लांबच लांब कणा असतो, आपल्याकडे त्याला पठाण म्हणतात. त्यावर दोन्ही बाजूंनी फासळ्या उभ्या राहतात आणि फासळ्यांवर फळ्या. लामूच्या बाजूला फासळ्यांसाठी तिवराचं नैसर्गिक वळण असलेलं लाकूड शोधतात. झाड ज्या बाकात वाढलं तोच बाक होडीला मिळतो, आणि लाकडाचे उभे धागे त्या बाकाबरोबर फिरत असल्यामुळे फासळी मजबूत असते.

प्लास्टिकला धागे नसतात. त्याला लाकडाचा ताठपणाही नसतो. तितक्याच जाडीची फळी कितीतरी जास्त वाकते. ऊन लागलं की ते लाकडापेक्षा पुष्कळ प्रसरण पावतं. तीन मीटरची पॉलिथिलीनची फळी वीस अंशांच्या फरकानं पाऊण-एक सेंटिमीटर लांब होऊ शकते. विषुववृत्ताजवळच्या दुपारी आणि रात्रीच्या गार पाण्यात हा फरक प्रत्येक सांध्याला जाणवणार. आणि पॉलिथिलीनला गोंद धरत नाही, बहुतेक चिकटवण्या त्यावरून निघून येतात. म्हणजे जोड खिळ्या-बोल्टांवर सोपवायचा, भाग जाड करायचे, आणि फटी कशा बुजवायच्या याचा नव्यानं विचार करायचा.

त्यासाठी आधी फळी बनायला हवी. किनारा-सफाईत आणि गावांतून गोळा झालेलं प्लास्टिक जातवार वेगळं केलं. घट्ट पॉलिथिलीनसारखा वितळून पुन्हा घडवता येणारा माल तुकडे करून, तापवून, साच्यात दाबून फळ्या आणि तुळया केल्या. किती जाडी, कुठलं मिश्रण, थंड व्हायला किती वेळ द्यायचा हे करून, बिघडवून, पुन्हा करून ठरलं. घाईनं थंड केलेल्या जाड तुळईत आत पोकळ्या राहतात आणि ती वेडीवाकडी होते. तयार तुळया आल्यावर सुतारांनी त्यावर लाकडाचीच हत्यारं चालवली: करवत, रंधा, पटाशी, वाकस.

चपला या सगळ्यात कुठे आल्या? त्या वितळत नाहीत, म्हणून फळीत त्यांचा उपयोग नव्हता. त्या कापून, सपाट करून गलबताच्या बाहेरच्या अंगाला बसवल्या. एकाच किनाऱ्यावरचा कचरा, पण वितळणारा सांगाड्याकडे गेला आणि न वितळणारा पृष्ठभागाकडे. या कामातला सगळ्यात सुंदर निर्णय तो हाच. चपला नसत्या तरी गलबत तरंगलं असतं. पण करड्या-काळपट प्लास्टिकचं गलबत बघायला कुणी बंदरावर धावलं नसतं. चप्पल प्रत्येकानं घातलेली असते, आणि त्या अंगावर आपल्या घरातला कुठला तरी रंग दिसतोच.

१५ सप्टेंबर २०१८ रोजी गलबत पाण्यात उतरलं. पुढच्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 'क्लीन सीज' मोहिमेबरोबर ते झांझिबारकडे निघालं. वाटेत शाळांमधली मुलं बोटीवर आली, गावपुढाऱ्यांच्या बैठका झाल्या. मोंबासाच्या काउंटी सरकारनं किबारानीचा मोठा कचरा डेपो बंद करण्याचं जाहीर केलं. २०२१ मध्ये हेच गलबत व्हिक्टोरिया सरोवरात केनिया, युगांडा आणि टांझानियाच्या किनाऱ्यांवर फिरलं. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासूनच कडक बंदी होती. मोठ्या दंडाची आणि चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. म्हणजे जमीन तयार होती. कला एकटी कायदा बदलत नाही, पण बदलाच्या बाजूनं लोक उभे करते.

भाव कुणी दिला

पेटची बाटली रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही, कारण तिला भाव आहे. कचरावेचक ती उचलतात. चपलेला, चिप्सच्या पाकिटाला, शाम्पूच्या पुडीला भाव नाही, म्हणून ती नाल्यात राहतात. ओशन सोलचा जिराफ विकला जातो तेव्हा त्या किमतीतला एक हिस्सा किनाऱ्यावर चपला वेचणाऱ्या बाईपर्यंत जातो. त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचायला जाते. कला इथे पैशाचा असा रस्ता तयार करते, जो भंगारबाजारानं कधी तयार केला नसता.

आपल्याकडे पुण्यात हेच तत्त्व वेगळ्या मालावर चालू आहे. चिप्स-बिस्किटांच्या पाकिटांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. 'रीचरखा' आणि 'इकोकारी' या उपक्रमांत अशी पाकिटं आणि पिशव्या धुऊन, वाळवून, हातानं लांब पट्ट्या कापतात, चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणतात. त्या कापडाच्या पर्स, बॅगा होतात. विणकर, कापणाऱ्या बाया, धुणाऱ्या बाया, सगळ्यांची मजुरी त्या पाकिटातून निघते, ज्याला भंगारवाल्यानं हात लावला नसता.

आणि या कामाची मुळं आपल्या घरांतच आहेत. वायरच्या पिशव्या विणणाऱ्या आत्या-मावश्या, दुधाच्या पिशव्यांची पायपुसणी, चकचकीत वेष्टनांची दारावरची तोरणं. ते कौशल्य अजून आहे, त्याला बाजार मिळालेला नाही एवढंच. पुण्यातच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे. कुठला माल कुठे, किती, कुठल्या महिन्यात येतो हे त्या बायांइतकं कुणालाही ठाऊक नाही. कलाकार आणि कचरावेचक यांनी एका चटईवर बसून काम आखलं तर किती वेगळं काही उभं राहील, असं मला मनापासून वाटतं.

कुठे थांबावं लागतं

आता हिशेबाची बाजू. तीस हजार चपला ऐकायला खूप वाटतात, पण कोकोसच्या बेटांवरच जवळपास दहा लाख पादत्राणं पडलेली आहेत, आणि नव्या रोज बनत आहेत. कलेनं समुद्र साफ होणार नाही. लामूच्या मंडळींनीही तसा दावा केला नाही.

हाच मुद्दा २०२२ मध्ये नैरोबीत फार ठळकपणे मांडला गेला. प्लास्टिकवरच्या जागतिक करारासाठी देश जमले होते. त्या ठिकाणी बेंजामिन वॉन वाँग या कलाकारानं अनेक मजली उंचीवर तरंगणारा एक प्रचंड नळ उभारला, ज्यातून पाण्याऐवजी प्लास्टिक ओसंडत होतं. ते प्लास्टिक नैरोबीच्या किबेरा वस्तीतून, तिथल्या लोकांच्या मदतीनं गोळा केलं होतं. आत शिरणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला आधी नळ दिसत होता: फरशी पुसण्याआधी नळ बंद करा. मार्च २०२२ मध्ये करार करायचा असं ठरलंही. पण नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ ची बुसानची आणि ऑगस्ट २०२५ ची जिनिव्हाची बैठक दोन्ही कराराविना संपल्या, आणि वाद मुख्यतः उत्पादनाला मर्यादा घालायची की नाही यावरच अडला.

दुसरी मर्यादा पदार्थाची. ईव्हीए घासताना बारीक भुकटी उडते. ती गोळा केली नाही तर आपण चपलेचं सूक्ष्म प्लास्टिक करून नाल्यात सोडतो. उन्हात वर्षानुवर्षं उभा केलेला प्लास्टिकचा पुतळा हळूहळू झडतो आणि त्याचे कण मातीत जातात. समुद्र वाचवायच्या नावानं चौकात उभारलेल्या बाटल्यांच्या माशाचं दोन पावसाळ्यांनंतर काय होतं, हे विचारायलाच हवं.

तिसरी गोष्ट श्रेयाची, आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. फलकावर कलाकाराचं आणि प्रायोजकाचं नाव असतं; वेचणाऱ्या, धुणाऱ्या, वर्गवारी करणाऱ्या माणसांचं नसतं. कष्टाचे तास मोजले तर मोठा वाटा त्यांचाच असतो.

आपल्या गावात करायचं असेल तर

महाराष्ट्रात सामूहिक कलेसाठी नव्यानं संघटना बांधायची गरज नाही. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं आहेत. त्यांच्याकडे कार्यकर्ते, वर्गणी, जागा आणि सजावटीचा पिढ्यांचा अनुभव आहे. २०१८ च्या राज्याच्या बंदीनं सजावटीतलं थर्माकोल गेलं; त्या जागी काय, हा प्रश्न अनेक मंडळांपुढे आजही आहे. किनाऱ्यावरच्या मंडळांना पावसाळ्यात समुद्रच माल आणून देतो.

सुरुवात मालापासून करावी, कल्पनेपासून नाही. आपल्या नाल्यात, किनाऱ्यावर सगळ्यात जास्त काय येतं आणि भंगारवाला काय नाकारतो, हे आधी त्याच्याकडूनच समजून घ्यावं. पेटच्या बाटल्या वापरू नयेत. त्यांना भाव आहे, त्या भंगारातच जाऊ द्याव्यात. शाळेतल्या मुलांना 'प्रत्येकानं दहा झाकणं आणा' असं सांगितलं की घरोघरी नवीन बाटल्या विकत घेतल्या जातात, तेही टाळावं.

धुण्याला सगळ्यात जास्त माणसं लागतात, हे गृहीत धरावं. कचऱ्यात सुया, काचा असतात, म्हणून जाड हातमोजे हवेत. माल गोड्या पाण्यानं दोनदा तरी धुवावा, कारण मीठ राहिलं तर गोंद धरत नाही आणि धातूचे खिळे गंजतात. काही तापवून, जाळून जोडू नये, विशेषतः चपलेचे पट्टे आणि पाइप. थर्माकोल तापत्या तारेनं कापायचा मोह होतो, पण त्याची वाफ बंद खोलीत फार घातक. शिवून, विणून, गाठी मारून, स्क्रूनं जोडलेलं काम पुन्हा सोडवता येतं, हा त्याचा मोठा फायदा. घासकाम करायचंच असेल तर ओलं करून घासावं, मास्क लावावा आणि भुकटी गाळून बाजूला काढावी.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली, वेचणाऱ्यांना आणि वर्गवारी करणाऱ्यांना किती मजुरी, कधी, कुणाच्या हातून मिळणार, आणि फलकावर कुणाकुणाची नावं येणार. दुसरी, प्रदर्शन संपल्यावर ही वस्तू कुणाच्या ताब्यात, कुठल्या छपराखाली राहणार. लामूत फळ्या बनवण्याचं काम गलबतानंतरही चालू राहिलं. त्याच प्लास्टिकची बाकं, टेबलं होऊ लागली आणि तरुण मुलांना होडीबांधणीचं शिक्षण मिळू लागलं. मंडळाकडे इतकी सोय नसेल तर निदान सजावट सुटी करून, जातवार वेगळी करून पुढच्या वर्षासाठी गोणीत भरून ठेवता येईल अशीच बांधावी, आणि गोण्या ठेवायची जागा मूर्ती ठरवायच्या आधीच ठरवावी.